लेकरू ओळख परेडमध्ये चुकत नाही?

‘लहान मूल खोटं बोलत नाही, म्हणून ओळख परेडमध्ये त्यानं दाखवलेला माणूस गुन्हेगारच,’ असं सर्रास पुढं पाठवलं जातं. ओळख परेड म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावणं. मूल खोटं बोलत नसेलही. पण खरं बोलणारा चुकू शकतो.

खरा गुन्हेगार रांगेत असला, तर शाळकरी मुलं बऱ्याचदा मोठ्यांइतकीच बरोबर ओळखतात. तो नसला की घोळ होतो: मुलं आणि वृद्ध कुणाला तरी दाखवून मोकळे होतात. ‘तो यात नसेलही’ हे आधी सांगितलं, तर चुका घटतात.

घरी करून बघा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याचं तिकीट देणारा आठवतो का, असं विचारून नातवाला सहा अनोळखी माणसांचे फोटो दाखवा; तिकीटवाला त्यात नसतानाही तो कुणाला दाखवतो का, ते बघा. कोर्टातही नुसती परेड हा मूळ पुरावा, म्हणजे एकट्याच्या जोरावर शिक्षा देता येईल असा, धरत नाहीत.