साप्ताहिक शास्त्रपाठावरील टिपांची पार्श्वभूमी

अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शब्बाथशाळेच्या (रविवारी भरणाऱ्या बायबल-शिक्षणाच्या वर्गांच्या) शिक्षकाला येत्या रविवारचा शास्त्रभाग, कंठस्थ वचन आणि त्यांवरील स्पष्टीकरण आधीच हाती मिळते. ही सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये शब्बाथशाळा सुरू केली, तेव्हा आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना वाचायला शिकवणे हाच तिचा मोठा भाग होता. पुढे अमेरिकेत पाठांतराचे प्रस्थ माजले. वचने घडाघडा म्हणून दाखवणे म्हणजेच अभ्यास, अशी समजूत झाली. बायबलचा अर्थ उलगडणाऱ्या भाष्यग्रंथांची वाण नव्हती, कारण मॅथ्यू हेन्री यांचे भाष्य अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच उपलब्ध होते. परंतु दिवसभर दुकान सांभाळून रविवारी वर्ग घेणाऱ्या माणसाला त्याचे सहा जाडजूड खंड चाळायला सवड कुठली?

शिकागोचे व्यापारी बी. एफ. जेकब्स यांनी निरनिराळ्या पंथांच्या सर्व वर्गांनी एका रविवारी एकच शास्त्रभाग घ्यावा, असा आग्रह धरला. १८७२ मध्ये इंडियानापोलिस येथील शब्बाथशाळांच्या राष्ट्रीय अधिवेशनात तो मान्य झाला आणि सात वर्षांत सबंध बायबलचा परिचय व्हावा, असा क्रम आखण्याचे काम पाच पाळक (मंडळीचे धर्मगुरू) व पाच सामान्य सभासद यांच्या समितीकडे आले. हे ‘एकसमान पाठ’ १८७३ पासून सुरू झाले. माझ्या मते भाष्याच्या इतिहासातील खरे वळण हेच, कारण तारीख आणि शास्त्रभाग दोन्ही आधी ठरल्याने प्रकाशकाला हुकमी वाचक मिळाला. मॅसॅच्युसेट्समधील पाळक एफ. एन. पेलुबेट यांनी १८७५ पासून वर्षाच्या पाठांवरील वार्षिक खंड काढले. त्यांत त्या-त्या पाठाच्या वचनांचा अर्थ, इतर भाष्यकारांचे निवडक उतारे आणि शिकवण्यासाठी सूचना एकत्र मिळत. अनेक शहरांत वेगवेगळ्या पंथांचे शिक्षक रविवारपूर्वी एकत्र जमून पाठाची तयारी करू लागले, हीही याच एकसूत्रीपणाची देणगी.

शब्बाथशाळांची ही चळवळ भारतातही पोहोचली; १८७६ मध्ये अलाहाबाद येथे इंडिया संडे स्कूल युनियन ही शब्बाथशाळांची संघटना स्थापन झाली.

एकसमान पाठांवर आक्षेपही लवकरच आले, आणि ते रास्त होते. मोजकी वचने घेऊन पुढे उडी मारण्याच्या या पद्धतीत नव्या करारातील पौलाच्या पत्रांतील युक्तिवाद मध्येच तुटे. शिवाय पाच वर्षांच्या मुलापुढे आणि त्याच्या आजोबांपुढे एकच उतारा ठेवला जाई. १९०८ मध्ये लुईव्हिलच्या अधिवेशनाने वयानुसार श्रेणीबद्ध पाठांना मान्यता दिली. त्यानंतरही एकसमान पाठ बंद पडले नाहीत. ते मुख्यतः प्रौढांच्या वर्गांत टिकून राहिले.