पश्चिमेच्या भिंतीला आतून अस्तर देताना

पेठेतल्या जुन्या घरात एप्रिलमध्ये पश्चिमेची खोली दुपारी चारला बरी वाटते आणि रात्री दहाला भट्टी होते. नऊ इंची विटेच्या भिंतीतून ऊन आत पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात, हे त्याचं कारण. बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हा भिंत आत तापत असते.

उष्णतारोधक थर खरं तर बाहेरून द्यावा. पण पेठांत बाहेर रस्ता, बोळ नाहीतर शेजाऱ्याची हद्द, म्हणून आतून. सामाईक भिंतीला काही करू नका, दोन्हीकडे तापमान सारखंच असतं. आणि वर पत्रा किंवा उघडा स्लॅब असेल तर पैसे आधी तिथे घाला.

विटेची उष्णतावाहकता (आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी जाते) साधारण 0.8, एएसी म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकची 0.16, थर्माकोलची 0.035. त्या हिशेबाने 50 मिमी थर्माकोल लावलं तर भिंतीतून येणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते, 75 मिमी ब्लॉकने निम्म्यावर. कागदावर थर्माकोलच सरस. तरीही जुन्या भिंतीला आम्ही ब्लॉकच सुचवू, कारण इथे खरा प्रश्न ओलीचा आहे आणि ब्लॉक थर्माकोलपेक्षा वाफ सहज जाऊ देतो.

जुलैत हवा 25 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर 23 अंशांवरच दव धरतं. खोलीत एसी 22 वर असला की बाहेरची दमट हवा आणि पावसाने भिजलेल्या विटांतली वाफ आतल्या गार बाजूकडे सरकते. वाटेत प्लास्टिक, फॉइल, व्हिनाइल वॉलपेपर किंवा ऑइलपेंट आला तर त्याच्या मागे पाणी साचतं. आधी कोंदट वास, मग बोर्डाच्या खालच्या कडेला काळे ठिपके. थंड देशांतले व्हिडिओ आतून प्लास्टिक लावायला सांगतात, कारण तिथे वाफ खोलीतून बाहेर जाते. इथे ते उलटं पडतं. शिवाय थर्माकोल पेटतं, म्हणून त्यावर जिप्सम बोर्ड लागतो. आणि कोल्हापूर-सांगलीकडे 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी शिरलेल्या घरांत तळमजल्याला जिप्सम नकोच.

भिंत तपासायची ती ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. दोन बाय दोन फुटांचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत धरले तर ओल भिंतीतली, बाहेर धरले तर खोलीच्या हवेतली. भिंतीतली असेल तर आधी बाहेरच्या भेगा, पन्हाळी, गळके पाइप आणि जोत्याशी साचणारं पाणी बघा. विटकाम महिन्याला जेमतेम इंचभर सुकतं. दोन्ही बाजूंनी सुकायला वाव दिला तर ऑक्टोबरमध्ये दुरुस्त केलेली नऊ इंची भिंत फेब्रुवारीपर्यंत कामाला येते.

मग जुना ऑइलपेंट, पोपडे आणि लोणा धरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढा. चुन्यातल्या जुन्या विटकामावर सिमेंटचा गिलावा ओल कोंडतो. समतल करायला चुना-वाळू 1:3 वापरा. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीला 600 × 200 × 75 मिमीचे 78 ब्लॉक लागतात, तुटफूट धरून 82. चिकटवणारा मसाला ब्लॉकच्या पूर्ण पाठीवर लावायला सांगा. गवंडी पाच ठिपके देऊन ब्लॉक दाबतात, मग मागे पोकळी राहते आणि तिथे दमट हवा खेळते. दर दुसऱ्या थराला दोन-दोन फुटांवर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीने जुन्या भिंतीशी बांधून घ्या. वरून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. खिडकीच्या कडांवरही पातळ थर वळवा, नाहीतर ऊन तिथून वळसा घेऊन येतं. स्विचबोर्ड तीन इंच पुढे घ्यावे लागतील, तेव्हा वायरमनला ब्लॉक चढण्याआधी बोलवा.

लाकडी तुळयांवरच्या माडीत मात्र हे करू नका. एवढ्या भिंतीचे ब्लॉक चारशे किलोंच्या पुढे जातात, आणि खाली भिंत नसेल तर तो भार थेट फळ्यांवर येतो. तिथे बाहेरून पांढरा चुना आणि खिडकीला बांबूचा पडदा एवढ्यावर भागवावं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुठल्याही थराखाली बुजवू नका; ओल धरली की वाळवी तिथूनच लागते.