चकली-चिवड्याने दात किडत नाहीत? हे चुकीचं आहे

दिवाळी आली की आमच्या गिरगावच्या चाळीत प्रत्येक घरी ऐकू येतं, "लाडू एकच घे, दात किडतील, हवं तर चिवडा खा." लहानपणापासून ऐकतोय आपण हे, पण ते अर्धंच खरं आहे.

दात किडवणारं अ‍ॅसिड साखर बनवत नाही, ते बनवतात दातांवरच्या थरातले बॅक्टेरिया, आणि त्यांना साखर चालते तसंच पोहे, तांदळाचं पीठ, मैदा यातला स्टार्चसुद्धा चालतो, कारण आपली लाळच त्याची साखर करून देते. लाडू गिळून आपण मोकळे होतो पण शंकरपाळ्याचा, चकलीचा लगदा दाढांच्या खाचेत तासभर चिकटून राहतो, आणि शंकरपाळ्यात तर मैदा आणि साखर दोन्ही!

खरा घोळ आहे तो येता-जाता डबा उघडण्याचा. प्रत्येक वेळी खाल्लं की तोंडातला पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली जातो, इनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो, त्यात पुन्हा शेजारच्या काकूंचं ताट आलं की परत पहिल्यापासून. म्हणून मुलांना दोन लाडू द्या हो, पण जेवणाबरोबर द्या, वर पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करूनच झोपवा, झोपेत लाळ फार कमी सुटते.