कोरियन येत नाही, हीच पात्रता

दक्षिण कोरियातल्या इंग्रजीच्या खासगी क्लासेसमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत ‘हग्वॉन’मध्ये, परदेशी शिक्षकाला पहिल्याच दिवशी एक सूचना बहुतेक ठिकाणी मिळते : वर्गात कोरियन बोलायचं नाही. येत नसेल तर उत्तमच, येत असेल तर येत नाही असं दाखवायचं. आईबापांनी फी भरलेली असते ती ‘वॉनॉमिन’साठी, म्हणजे इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसासाठी. तो कोरियन बोलताना सापडला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. आपण जिथं राहतो तिथली भाषा न येणं ही नोकरीची पात्रता असावी, हे विचित्र आहे. सुरुवातीला मात्र असं नव्हतं.

१८८२ मध्ये कोरियातल्या जोसोन राजवटीने अमेरिकेशी तह केला आणि लगेच अडचण आली : दरबारात इंग्रजी कळणारं माणूस नव्हतं. १८८३ मध्ये दुभाषे तयार करण्यासाठी ‘दोंगमुनहाक’ ही शाळा निघाली. तिथं हॅलिफॅक्स नावाचा इंग्रज शिकवत असे. पण राजा गोजोंगला खानदानी मुलांसाठी शाळा हवी होती. त्याने अमेरिकेकडे शिक्षक मागितले. मधेच १८८४चं बंड झालं, सगळं लांबलं आणि १८८६च्या उन्हाळ्यात होमर हल्बर्ट, जॉर्ज गिलमोर आणि डेल्झेल बंकर हे तिघे तरुण अमेरिकन सोलमध्ये उतरले. शाळेचं नाव ‘युग्योंग गोंगवोन’, गुणवंत घडवण्याचं सरकारी विद्यालय. एका तुकडीत आधीच हुद्द्यावर असलेले अधिकारी, दुसरीत बड्या घरांतली तरुण मुलं. मंडळी यायची ती नोकरांसह. पुस्तकं नोकराच्या हातात आणि लांब नळीची चिलीमही त्याच्याच हातात. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर हुद्देवाल्यांना शिकण्याचा कंटाळा येऊ लागला. १८९४ मध्ये शाळा बंद पडली.

याच शाळेत ई वान-योंग नावाचा विद्यार्थी होता. पुढे पंतप्रधान म्हणून १९१०च्या विलीनीकरणाच्या करारावर त्याने सही केली आणि कोरिया जपानच्या घशात गेला. आजही कोरियात देशद्रोह्याचं नाव घ्यायचं तर त्याचंच घेतात. आणि त्याचा मास्तर हल्बर्ट १९०७ मध्ये गोजोंगच्या बाजूने, जपानविरुद्ध दाद मागायला द हेगच्या शांतता परिषदेला धावला होता. विद्यार्थी इंग्रजी शिकून कुठे पोचला आणि मास्तर कोरियन शिकून कुठे, हे पाहण्यासारखं आहे.

कारण हल्बर्ट कोरियन शिकला होता, तेही नुसतं बाजारहाटापुरतं नाही. १८९०च्या आसपास त्याने ‘सामिन्फिल्जी’ हे जगाच्या भूगोलाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, निव्वळ हंगुल लिपीत. त्या काळी सरदार-पंडितांच्या लेखी हंगुल म्हणजे बायकांची, अडाण्यांची लिपी. शहाण्याने चिनी अक्षरांतच लिहायचं. इतकी सोपी आणि नेटकी लिपी घरात असताना लोक तिला कमी लेखतात याची हळहळ त्याने प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. घरच्या लिपीची किंमत सांगायला बाहेरचा मास्तर यावा लागला. तो १९४९ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, कोरियन सरकारच्या निमंत्रणावरून परत आला आणि आठवड्याभरात गेला. सोलमध्ये हान नदीकाठच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्याची कबर आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीपेक्षा कोरियात पुरलेलं मला आवडेल, असं त्याचं म्हणणं तिथं कोरलेलं आहे.

जपानी राजवटीत (१९१०–४५) इंग्रजी मागे पडली आणि महायुद्धाच्या वर्षांत तर शत्रूची भाषा ठरली. नंतर अमेरिकन लष्कर आलं, फाळणी झाली, युद्ध झालं. परदेशी शिक्षकांची पुढची मोठी खेप आली १९६६ मध्ये, पीस कोअर या अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक योजनेची. १९८१ पर्यंत सुमारे दोन हजार स्वयंसेवक येऊन गेले. कुणी शाळांत इंग्रजी शिकवलं, कुणी क्षयरोगाच्या कामात राहिलं. ही मुलं आधी कोरियन शिकत आणि मग गावात जात. कोरियन कुटुंबात राहत, ओंदोलच्या तापलेल्या जमिनीवर झोपत आणि एकेका वर्गात साठ-सत्तर पोरांना शिकवत. त्यांतली एक, कॅथलीन स्टीव्हन्स, येसान गावच्या शाळेत शिकवायची. २००८ मध्ये ती अमेरिकेची राजदूत म्हणून सोलला परतली. कोरियन लोक तिला तिच्या तेव्हाच्या कोरियन नावानेच, शिम उन-ग्योंग म्हणून, ओळखत.

म्हणजे १९८१ पर्यंत तरी, शिकवायला आलेल्याने आधी शिकायचं, अशी रीत होती. ती मोडली ती बाजाराने.

१९८० मध्ये लष्करशहा चुन दू-ह्वानने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. पैसेवाल्यांची पोरं पुढे जातात ही तक्रार खरीच होती. बंदी हळूहळू सैलावत गेली आणि एप्रिल २००० मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. दरम्यान १९८८चं ऑलिंपिक झालं, १९८९ मध्ये सामान्य नागरिकांना परदेश प्रवास खुला झाला, आणि राष्ट्राध्यक्ष किम यंग-सामनी ‘सेग्येह्वा’ म्हणजे जागतिकीकरणाचा नारा दिला. १९९५ मध्ये सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमणारी ‘एपिक’ योजना आली, १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालं. तिसरीपासून म्हटल्यावर आईबाप पोरांना बालवाडीपासूनच क्लासला घालू लागले. आपल्याकडे सांगायला नको.

त्या देशात इंग्रजीला केवढं वजन आहे हे पाहायचं तर नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी पाहावं. विद्यापीठ प्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा त्या दिवशी असते. दुपारी इंग्रजीच्या श्रवणचाचणीच्या वेळी सुमारे ३५ मिनिटं देशभरात विमानांची उड्डाणं आणि उतरणं बंद असतं. आधीच हवेत असलेली विमानं वरच घिरट्या घालत राहतात, खाली मुलं हेडफोनशिवाय भिंतीवरच्या स्पीकरला कान लावून बसलेली. २०२४ मध्ये कोरियन पालकांनी खासगी शिकवण्यांवर सुमारे २९ लाख कोटी वॉन खर्च केले, त्यात इंग्रजीचा वाटा मोठा. आणि जानेवारी २००८ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सत्तांतर समितीच्या प्रमुख बाईंनी ‘ओरेन्जी’ म्हटलं तर अमेरिकेत कुणाला कळत नाही, ‘अरिन्जी’ म्हणायला हवं, असं सांगितलं तेव्हा देशभर हसू उडालं. हसण्यामागे राग होता. अस्सल उच्चार ज्याला विकत घेता येतो त्याचाच निभाव, हे लोकांना कळत होतं.

तो उच्चार घेऊन येणाऱ्यासाठी ‘ई-टू’ व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सात देशांचा पासपोर्ट आणि कुठल्याही विषयातली पदवी पुरे. भूगर्भशास्त्र शिकलेला मुलगा चाळीस पोरांना व्याकरण शिकवायला उभा राहू शकतो. अर्जाला फोटो लागतो, आणि फोटोतला चेहरा कोरियन वळणाचा असेल, म्हणजे माणूस कॅलिफोर्नियात जन्मलेला असला तरी, गोऱ्या उमेदवाराला झुकतं माप मिळतं अशी तक्रार वर्षानुवर्षं आहे.

करारात मोफत घर असतं, तिथल्या भाषेत ‘वन-रूम’: एक खोली, त्यातच ओटा, मोरीत बेसिनलाच जोडलेला शॉवर. विमानाचं तिकीट आणि वर्ष पूर्ण झाल्यावर एका महिन्याचा पगार, ‘त्वेजिक्कुम’. ऐकायला छान. पण व्हिसा एका मालकाशी बांधलेला आणि घरही मालकाचंच, म्हणून नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर आणि देशात राहण्याचा हक्क दोन्ही धोक्यात येतात. वर्षअखेरचा तो पगार चुकवायला अकराव्या महिन्यात नारळ देणारे मालक होते. शिक्षकाला कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ दाखवून ३.३ टक्के कर कापायचा आणि पेन्शन-विम्याचा आपला हिस्सा वाचवायचा, हीही युक्ती जुनीच. उलट बाजूने पगार खिशात पडल्या रात्री सामान बांधून विमानतळ गाठणारे शिक्षकही होते. त्याला त्यांच्यात ‘मिडनाइट रन’ म्हणतात. १९९७च्या अखेरीस आर्थिक संकट आलं, डॉलरला नऊशेच्या घरातला वॉन काही आठवड्यांत दोन हजारांच्या जवळ गेला. वॉनमध्ये पगार तोच, पण कॅनडातलं शिक्षणाचं कर्ज फेडायला पाठवायची रक्कम निम्मी झाली. तेव्हा पुष्कळ जण निघून गेले.

सरकारी शाळेत तास कमी, पण तिथला जाच वेगळा. दारात बूट काढून सपाता घालायच्या. मुलं नावाने हाक मारत नाहीत, नुसतं ‘टीचर!’ म्हणतात. पाश्चात्त्य माणसाला ते उर्मट वाटतं. पण ते ‘सॉन्सेंगनिम’चं भाषांतर आहे, आपल्या ‘गुरुजी’सारखं, आणि गुरुजींना नावाने कोण हाक मारतं? पहिल्या भेटीत वय विचारतात, कारण वय कळल्याशिवाय क्रियापदाचं कुठलं रूप वापरायचं ते ठरत नाही. मुख्याध्यापकांबरोबर ‘ह्वेशिक’ला, म्हणजे सहकाऱ्यांच्या जेवणाला, बसलं की दोन्ही हातांनी ग्लास धरायचा आणि वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. हे कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. त्या अंदाजाला ‘नुनची’ म्हणतात. सुट्टीत वर्ग नसले तरी आठ तास टेबलाशी बसून राहायचं, उद्या सहल आहे हे आज दुपारी चार वाजता कळणार, आणि हे सगळं इंग्रजीत समजावण्याची जबाबदारी ज्या कोरियन सहशिक्षिकेवर टाकलेली असते तिला त्याचा वेगळा मोबदला बहुधा मिळत नाही. परदेशी शिक्षकाच्या अडचणींवर बरंच लिहून झालंय. या बाईंबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाला तिथं एक सोय आहे. ‘नानुन हाक्क्योए कान्दा’: मी शाळेत जातो. शब्दक्रम तोच, ‘त’ प्रत्यय लागतो तिथेच ‘ए’, क्रियापद शेवटी. टोरांटोच्या माणसाला यासाठी डोकं उलटं करावं लागतं. हंगुलची २४ अक्षरं कुणीही दोन-तीन दिवसांत शिकतो, पण इंग्रजीत ‘ख’ आणि ‘क’ हे वेगळे ध्वनी मानत नसल्याने टोरांटोवाल्याच्या कानाचा गोंधळ होतो. कॉफीला ते ‘खॉफी’ म्हणतात, पिझ्झाला ‘फिजा’, आणि हा ‘फ’ आपल्या फळातला, ओठ मिटून उच्चारायचा. देवनागरीत तो बिनचूक लिहिता येतो.

पण भारतीयाला ही सोय वापरायला मिळते कुठे! भारत-कोरिया व्यापक आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात पदवी आणि अध्यापनाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून दार उघडलं. कागदावर भारत आठवा देश झाला. क्लासेसच्या जाहिराती मात्र त्याच सात देशांची नावं छापत राहिल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस दैगू शहरातल्या २१ प्राथमिक शाळांत ‘इंगकी’ नावाचे २९ यंत्रमानव आणले गेले. मीटरभर उंचीचं अंड्यासारखं यंत्र, फिलिपिन्समध्ये बसलेल्या शिक्षिका दुरून शिकवायच्या. पडद्यावर चेहरा मात्र गोऱ्या बाईचा. आवाज मनिलाचा चालतो, तोंड चालत नाही.

ज्यांचं तोंड चालायचं त्यांच्याकडेही संशयाने पाहण्याचे दिवस आले. २००५ मध्ये सोलच्या होंगदे भागातल्या एका पार्टीचे फोटो इंटरनेटवर फिरले आणि परदेशी शिक्षकांविरुद्ध मोहीमच उभी राहिली. २००७ मध्ये कोरियात शिकवत असलेला एक कॅनडियन माणूस बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात इंटरपोलला हवा असल्याचं निघालं. प्रकरण भयंकर होतं, पण उपाय ठरला तो सगळ्यांसाठी : गुन्हे-नोंदीच्या दाखल्याबरोबर अमली पदार्थांची आणि एचआयव्हीची चाचणी. पहिली मागणी रास्त होती. एचआयव्हीचा बालसुरक्षेशी संबंध काय, आणि कोरियन शिक्षकांना ती का नाही, याला उत्तर नव्हतं. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये नकार दिला, नोकरी गमावली आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-निर्मूलन समितीपर्यंत गेली. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला, २०१७ मध्ये चाचणी रद्द झाली, २०१९ मध्ये सोलच्या न्यायालयाने तिला ३ कोटी वॉन भरपाई मंजूर केली. दहा वर्षं लागली.

तोवर बाजारही उतरणीला लागला होता. जन्मदर घसरला, वर्ग ओस पडू लागले, सोलने २०१२च्या सुमारास माध्यमिक शाळांतल्या परदेशी शिक्षकांच्या जागांना कात्री लावली. हग्वॉनमधला पगार २०००च्या दशकापासून महिना २०–२५ लाख वॉनच्या आसपासच घुटमळत राहिला; मधल्या काळात खॉफीचा भाव मात्र वाढला.

यातूनही काही जण राहून जातात. लग्न करतात किंवा गाव आवडतं. मग ई-टू व्हिसा, मालक आणि वन-रूम यांतून सुटायचं तर निवासी व्हिसासाठी बहुतेकांना गुण जमवावे लागतात, आणि त्या गुणांत कोरियन भाषा असते. सरकारच्या ‘सामाजिक एकात्मता’ वर्गांत नाव घालायचं, पायरी-पायरीने परीक्षा द्यायची. शनिवारी सकाळी तो मास्तर बाकावर बसतो. शेजारी नेपाळहून आलेला कारखान्यातला कामगार. त्या कामगाराला कोरियात पाऊल टाकण्याआधीच कोरियन भाषेची परीक्षा पास व्हावी लागली होती, तशी अटच आहे. दहा वर्षं इथं राहिलेला मास्तर त्याच्या वहीत डोकावून विचारतो, या वाक्यात ‘उन’ प्रत्यय लावायचा की ‘ई’?