टॉवर नको, रेंज पाहिजे

आमच्या गोव्यात मोबाईलवरून दोन भांडणं कायम चालू असतात आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही भांडणारी माणसं तीच असतात. एक म्हणजे गावात टॉवर नको, दुसरं म्हणजे गावात रेंज नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाईन झाल्या तेव्हा सत्तरी-सांग्याकडच्या काही गावांतली पोरं रेंजसाठी डोंगर चढून जायची, हे सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. आणि टॉवर येणार म्हटलं की ग्रामसभेत काय आरडाओरडा होतो तेही सगळ्यांना माहीत. आमच्या शेजारच्या आजी "आमकां टॉवर नाका" म्हणून हात वर करून आल्या आणि रात्री अकरापर्यंत सोप्यावर बसून नातवाबरोबर रील्स बघत होत्या. हसू नका, मी पण शेजारी बसून बघतच होतो.

तर आधी टॉवरचं बघू, म्हणजे त्याच्या लहरींनी कॅन्सर होतो या भीतीचं. बल्बचा प्रकाश, रेडिओ, मोबाईलच्या लहरी, एक्स-रे, हे सगळं एकाच जातीचं, फरक फक्त फ्रिक्वेन्सीचा. या लहरींची ऊर्जा बारीक-बारीक कणांत येते. एक्स-रेच्या एका कणात एवढी ताकद असते की तो पेशीतले रासायनिक बंध तोडू शकतो, म्हणून तो फोटो काढणारा माणूस स्वतः भिंतीआड जाऊन उभा राहतो. मोबाईलच्या लहरीचा कण त्यामानाने अगदीच किरकोळ. घरातल्या साध्या दिव्याच्या प्रकाशाचा कणसुद्धा त्याच्यापेक्षा लाख पटींहून जास्त ताकदीचा असतो. मोबाईलच्या लहरी बंध तोडत नाहीत, फार तर अंग किंचित गरम करतात, आणि ते किती चालेल त्याची मर्यादा ठरलेली आहे, भारतात फोनसाठी शरीराच्या किलोमागे १.६ वॅट. डायलरवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की बहुतेक फोन स्वतःचा आकडा दाखवतात, दाबून बघा.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने या लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' यादीत टाकलं आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर तेच फिरतंय. त्याच यादीत आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. नंतर त्याच आरोग्य संघटनेने ६३ अभ्यास तपासून घेतले, २०२४ मध्ये त्याचा निकाल आला, मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध सापडला नाही. आणि एक उलटी गोष्ट सांगतो, टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून बोलावं लागतं, म्हणजे रेंजची एकच कांडी असताना कानाला लावलेला फोन जास्त लहरी सोडतो. टॉवर हाकलला म्हणजे कानाजवळची किरणं कमी झाली असं अजिबात नाही.

मग काय, फोन निरुपद्रवी? तसं नाही हो. भीती चुकीच्या खिडकीतून बघतेय एवढंच.

मी डिचोलीत नववी-दहावीच्या ट्यूशन घेतो. दारात बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलाय, सगळ्यांचे फोन त्यात. सुरुवातीला पोरं म्हणायची सर सायलेंटवर आहे, बॅगेत आहे, काय फरक पडतो. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठातल्या लोकांनी हेच बघितलं होतं. जवळपास ८०० जणांना डोकं लावायच्या चाचण्या दिल्या, काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे सायलेंट. दुसऱ्या खोलीवाल्यांना सगळ्यात चांगले मार्क, टेबलवाल्यांना सगळ्यात कमी. म्हणजे फोन वाजायला लागत नाही, "बघायचं नाही" हे स्वतःला बजावण्यातच मेंदू थोडा खर्च होतो. आता खरं सांगायचं तर नंतर दुसऱ्यांनी हा प्रयोग करून बघितला तेव्हा काहींना फरक दिसला, काहींना नाही, तेव्हा यावर पैज लावू नका. पण माझा डबा काही मी हलवत नाही.

शाळांचंही तसंच गोलमाल आहे. इंग्लंडमधल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, फोनबंदीनंतर मार्क थोडे वाढले, पण वाढले ते मागे पडलेल्या मुलांचे, हुशार मुलांना काडीचा फरक नाही. स्वीडनमध्ये तसंच बघितलं तर काहीच सापडलं नाही. मला इंग्लंडवाल्यांचं पटतं, कारण पहिल्या बाकावरचं पोर फोन असला तरी अभ्यास करतं, जे आधीच कंटाळलेलं आहे त्याला पळवाट फोन देतो.

आता ही ओढ येते कुठून? पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत ना, तिथल्या स्लॉट मशीनचं आणि बोटाने स्क्रीन खाली ओढण्याचं तंत्र एकच. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दाणा. दर वेळी ठरलेला दाणा मिळाला तर कबुतर आरामात असतं, पण कधी मिळेल याचा नेमच नसेल तर ते वेड्यासारखं चोच मारत राहतं. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. पुढे माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की डोपामीन नावाचं मेंदूतलं रसायन बक्षीस मिळाल्यावर नाही तर मिळणार याची खूण दिसली की उसळतं, आणि मिळेल की नाही हे अर्धं-अर्धं असतं तेव्हा वाट बघताना सगळ्यात जास्त. फोनवरचा तो लाल ठिपका म्हणजे तीच खूण. आत लाईक असेल नाहीतर बँकेची कर्जाची जाहिरात, उघडल्याशिवाय कळत नाही. त्यात आणि तळ नसलेलं स्क्रोल, ते २००६ मध्ये बनवणारा अझा रास्किन स्वतःच आता त्याबद्दल पस्तावा व्यक्त करत फिरतो. पूर्वी पेपरचं शेवटचं पान तरी यायचं.

पण माझ्या मते खरा घोळ झोपेचा आहे आणि गोव्यात तो जास्तच आहे. आपल्याकडे शाळा आठच्या सुमाराला भरते, म्हणजे बस पकडायची तर पोराला सहाला उठायला हवं. त्या वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच मागे सरकतं त्यामुळे त्यांना दहाला झोप येतच नाही, हा आळस नाही. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड मोजतात, आणि त्या फोनच्या स्क्रीनसारख्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त चाळवतात. त्यांनी मेंदूला कळवलं की दिवस आहे, की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. अमेरिकेत १२ जणांना काही रात्री चमकत्या स्क्रीनवर आणि काही रात्री कागदी पुस्तक वाचायला लावलं, स्क्रीनवाल्या रात्री झोप सरासरी १० मिनिटं उशिरा लागली आणि सकाळी जास्त पेंग आली. १० मिनिटं म्हणजे काही फार नाही म्हणा. पण ते बिचारे निमूट पुस्तक वाचत होते, आपली पोरं ग्रुपवर भांडत असतात, गेम हरत असतात, त्याचे तास मोजायला शास्त्रज्ञ कशाला हवा. आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. म्हणजे रात्री एकपर्यंत जागून ज्याने फोन पाहिला, त्याची दुपारची भूमितीही गेली.

मोठ्यांना मात्र यातून सुटका नाही. हेल्मेटमध्ये फोन खुपसून म्हापसा-पणजी स्कूटर मारणारे बाबा पोराला फोन ठेव म्हणतात. १९९७ सालच्या कॅनडातल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट निघाला होता, आणि हात मोकळे असले तरी कमी झाला नाही, कारण गुंतलेला असतो तो मेंदू, हात नाही.

पालकसभेत मी एकच सांगितलं, फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा, तुमचासुद्धा. एक आई म्हणाली, सर, मग गजर? तिचं बरोबर होतं, माझाही गजर फोनमध्येच होता. म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चावीचं घड्याळ आणलं. ते एवढं टिकटिकतं की पहिल्या रात्री मला डोळाच लागला नाही, आता ते पण सोप्यावर असतं, फोनच्या शेजारी.