स्टर्लिंग एंजिन, हौशी प्रतिकृती

बंद सिलिंडरातील तीच ती हवा आलटून पालटून तापवून व थंड करून फिरणाऱ्या बाह्यज्वलन एंजिनाची, टेबलावर मावेल अशी छोटी आवृत्ती. मूळ एंजिनाचे पेटंट स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये घेतले.

याला बाष्पपात्र, झडपा, ठिणगी यांतले काहीही लागत नाही आणि आवाजही जेमतेम होतो. पण हौशी कारागिराला खरी ओढ लागते ती त्याच्या तुटपुंज्या शक्तीमुळे. ८० अंश सेल्सियसचे पाणी आणि २० अंशांची खोली यांमध्ये सैद्धांतिक कार्यक्षमता फार तर १७ टक्के. प्रत्यक्षात त्यातला लहानसा अंशच हाती येतो. त्यामुळे घर्षण किंवा गळती जराशी वाढली तरी चाक थांबते आणि कारागिरीचा खरा कस लागतो.

सोप्या बांधणीत टेस्ट ट्यूब, काचेची सिरिंज, सायकलच्या आऱ्याची तार आणि जुन्या सीडींचे फ्लायव्हील (गती टिकवणारे चाक) पुरते. ट्यूबमधला डिस्प्लेसर, म्हणजे सैल बसणारा ठोकळा, हवा गरम टोकाकडून थंड टोकाकडे ढकलतो. तो भिंतीला घासता कामा नये. भोवती सुमारे एक मिलिमीटर फट ठेवतात. सिरिंजचा दट्ट्या शक्ती देतो. डिस्प्लेसर त्याच्यापुढे ९० अंश, म्हणजे चाकाची पाव फेरी, धावतो. हा कोन फार चुकला की एंजिन ढिम्म हलत नाही.

जोडणीआधी सिरिंजचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटावा व सोडावा. तो उसळून मागे आला तर गळती नाही. दट्ट्या ग्रॅफाइटचा असेल तर त्याला तेल मुळीच लावू नये, चिकटपणाने तो अडतो. एंजिन आपण होऊन सुरू होत नाही, चाकाला बोटाने झटका द्यावा लागतो. दोन-चार मिनिटे फिरून मंदावले, तर बहुधा थंड टोकही तापलेले असते. तिथे ओली चिंधी गुंडाळून पाहावी; पुन्हा वेग आला, तर दोष तोच.

कमी तापमानफरकावर चालणारे एंजिन झाग्रेबचे प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये दाखवले. पुढे अमेरिकेत जेम्स सेन्फ्ट यांनी हा फरक अर्ध्या अंशापर्यंत खाली आणला. या प्रकारात दोन रुंद चकत्यांमध्ये फोमचा पातळ डिस्प्लेसर असतो. चहाच्या कपावर ते फिरते. बर्फावर ठेवले की उलट दिशेने फिरते.