फॅटी लिव्हर : आहार आणि व्यायाम

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. बोलण्यात ‘फॅटी लिव्हर’ हाच शब्द रुळला आहे. दारूने होतो तसा यकृताचा दाह दारू न पिणाऱ्यांतही होतो, हे १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी नोंदवले व त्या विकाराला स्वतंत्र नाव दिले. भारताने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला.

त्रास बहुधा काहीच जाणवत नाही. मुतखड्यासाठी सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ अशी ओळ निघावी, असेच बहुतेकदा घडते. हा ग्रेड चरबीचा अंदाज देतो. यकृत किती निबर झाले ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी लागते.

रिपोर्ट हाती पडला, की घरात पहिली गदा येते ती तेला-तुपावर. तळण कमी केलेले चांगलेच, पण यकृतातली चरबी मुख्यतः तिथून येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, थोड्याच रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात तिचा सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील साठलेल्या चरबीतून, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवलेला आणि जेमतेम १५ टक्के खाण्यातल्या स्निग्धांशातून आलेला आढळला. फ्रान्समध्ये ‘फ्वा ग्रा’ या मेदयुक्त यकृताच्या पदार्थासाठी बदकांना कोंबून मका भरवतात तो उगाच नव्हे. रोमन लोक त्याच कामासाठी अंजिरे वापरत. यकृताचा फ्रेंच शब्द ‘फ्वा’ मुळात अंजिराच्या लॅटिन नावावरूनच आला आहे.

आपल्याकडचा मका म्हणजे चहा. दोन चमचे साखरेचे चार कप झाले, की दिवसाला ३५-४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी बरी. साखरेविना कॉफी पिणाऱ्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे निबरपण कमी आढळते. दारू मात्र बंदच करावी.

वजन तीन ते पाच टक्के उतरले तरी चरबी घटू लागते. दाह कमी व्हायला सात ते दहा टक्के लागतात. म्हणजे ८० किलोच्या माणसाने सहा-आठ किलो. हे सावकाश व्हावे, कारण कडक उपासमारीने झपाट्याने वजन उतरवल्यास यकृताचा दाह उलट वाढू शकतो.

व्यायामाचे काम वजनकाट्यावर मोजू नये. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, त्यामुळे वजन तेवढेच राहिले तरी यकृतातली चरबी कमी होते. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे ही नेहमीची शिफारस. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. गुडघे साथ देत नसतील तर वजने उचलण्याचाही उपयोग होतो.

हातपाय काटकुळे, पण पोट सुटलेले, अशी ठेवण भारतीयांत बरीच दिसते. अशांचे वजन ‘नॉर्मल’ भरले तरी यकृत मेदयुक्त असू शकते. त्यांना वजनात तीन ते पाच टक्के घटही पुरेशी ठरू शकते.